सात्म्य

बुलढाणा हे घाटावरचे गाव. अजिंठ्याच्या रांगेवरून उतरलेली पौषातली थंडी इथल्या स्वयंपाकघरांत, ऊन अंगणात आल्यानंतरही, बराच वेळ रेंगाळते. अशाच एका सकाळी मूठभर पांढुरके दाणे मी चाळणीत घेऊन नळाखाली धरले आणि बोटांखाली एकाएकी फेस उमटला. तांदूळ धुताना येते ते धुवण निराळे, दुधट आणि निमूट. हा बुडबुड्यांचा, बोटांवरून घरंगळणारा, किंचित बुळबुळीत फेस होता. त्याच्या स्पर्शासरशी मला आजीचे पितळी घंगाळ आठवले. शनिवारी रात्री ती त्यात रिठे भिजत घालायची आणि रविवारी सकाळी ते कुस्करून आमची डोकी धुवायची. धान्य धुताना न्हाणीघर आठवावे, हा अनुभव मला नवा होता. पण स्मृतीला स्थळकाळाचे सोवळे नसते. तिला एक स्पर्श पुरतो.

हे दाणे पुण्याहून आले होते. आईच्या रक्तातली साखर वाढल्याचे कळल्यावर माझ्या भाचीने आजीसाठी ते पाकीट पाठवले आणि फोनवरून त्याचे नाव सांगितले : किनवा. आईला हल्ली कमी ऐकू येते. तिने ते नाव आपल्या ओळखीच्या भूगोलात बसवून घेतले आणि विचारले, "किनवटवरून आलं का?" माहूरच्या रेणुकेला ती तरुणपणी जाऊन आलेली, किनवटची पाटी एस.टी.वर वाचलेली, त्यामुळे अँडीज पर्वतात, टिटिकाका सरोवराच्या परिसरात, सुमारे ३,८०० मीटर उंचीवर माणसाने हजारो वर्षांपूर्वी लागवडीखाली आणलेले ते धान्य आमच्या घरात नांदेड जिल्ह्यातले होऊन आले. मी दुरुस्ती केली नाही. दूरच्या पाहुण्याला आपल्या जिभेवर बसेल असे नाव देणे, हाही आतिथ्याचाच एक विधी असावा. बटाटा हा शब्द असाच कधीतरी पोर्तुगिजांच्या तोंडून आपल्या तोंडात आला आणि आता तो परका होता हे कळण्यासाठी शब्दकोश उघडावा लागतो.

आदल्या रविवारी मी हेच दाणे न धुता शिजवले होते. सेवानिवृत्तीनंतर स्वयंपाकघरात शिरलेला पुरुष पाकिटावरची बारीक अक्षरे वाचत नाही, आणि जे हात न वाचताही जाणतात तसे हात त्याच्यापाशी नसतात. आईने एक घास घेतला, चमचा ताटलीच्या कडेला टेकवला आणि तक्रारीचा सूर न लावता म्हणाली, "कडू हाये रे." मग मी वाचले. या दाण्याच्या सालीवर सॅपोनिन नावाचे द्रव्य असते. रिठ्याला आणि शिकेकाईला फेस येतो तो याच द्रव्यकुळामुळे. पाखरांनी टोचू नये, किडीने पोखरू नये म्हणून बियाने अंगावर ओढलेले ते कडवट पांघरूण. अँडीजमधल्या बायकांनी ते उतरवण्याची रीत शोधून काढली : खोलगट दगडात दाणे पायांनी मळायचे, वाऱ्यावर उफणायचे, आणि फेस येईनासा होईपर्यंत पाण्यात पुन्हा पुन्हा चोळायचे. कडू लागले ते टाकून देणे कुणालाही जमते. कडूपणा नेमका कुठे संपतो आणि दाणा कुठे सुरू होतो ती सीमा बोटांनी शोधत राहणे, याला पिढ्या लागतात. त्या अनाम बोटांनी हजारो वर्षांपूर्वी जे शोधले, तेच मी त्या सकाळी बुलढाण्याच्या नळाखाली पाचव्या पाण्यात शिकत होतो.

फेसाशी आणि क्षाराशी आमच्या जिल्ह्याचे नाते तसे जुने आहे. लोणारचे विवर याच जिल्ह्यातले. आकाशातून आलेल्या एका पाषाणाने दख्खनच्या काळ्या खडकात पाडलेला, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा तो खळगा, आणि त्यात साचलेले खारट, अल्कधर्मी पाणी. साबण आणि काच करण्याचे साहित्य इथे मिळते, अशी नोंद अबुल फझलने 'आईन-ए-अकबरी'त केली आहे. लोककथा सांगते, की इथे लवणासुर राहत होता आणि विष्णूने दैत्यसूदन होऊन त्याला मारले. गावातले देखणे, कोरीव मंदिर त्या दैत्यसूदनाचे. मीठ हाच असुर, ही कल्पना ज्यांना सुचली त्यांनी खाऱ्या पाण्याची शेती पाहिली असली पाहिजे, असे मला नेहमी वाटते. कारण घाट उतरून पूर्णेच्या खोऱ्यात गेले, की शेगाव, नांदुरा, संग्रामपूर, जळगाव जामोद या पट्ट्यात विहिरीचे पाणी तोंडात धरवत नाही. खारपाणपट्टा म्हणतात त्याला. तिथला शेतकरी पायाखाली पाणी असून तहानलेला राहतो. आणि आता गंमत पाहा : किनवा हे मिठाशी जुळवून घेणारे झाड. बोलिव्हियातल्या उयुनीच्या अफाट मिठागराच्या कडेने, जिथे दुसरे फारसे काही उगवत नाही, तिथे त्याची शेते लालजांभळी होऊन डोलतात. पृथ्वीच्या दोन टोकांना दोन खाऱ्या भूमी, दोघींनाही एकमेकींचा पत्ता नाही. एकीने मिठाला असुर म्हटले, दुसरीने मिठातून अन्न काढले. तेच दुःख दोघींच्या वाट्याला आले, आणि दोघींनी त्याच्या दोन निराळ्या गोष्टी केल्या.

धुतलेले दाणे शिजवणे फार अवघड नाही. एक वाटी दाण्यांना दोन वाट्या पाणी, मंद आच, पंधरा मिनिटे, आणि मग झाकण न काढता आणखी पाच मिनिटांचा संयम. पण झाकण उचलल्यावर जे दिसते त्यासाठी मी आता दर वेळी थांबून पाहतो. कोरडा असताना दगडासारखा अपारदर्शक असलेला दाणा काचेसारखा होतो आणि त्याच्या कडेने एक पांढरा बारीक धागा सुटतो, अर्धवर्तुळाकार, नखाच्या कोरीएवढा. तो त्या बियाचा अंकुर. बहुतेक धान्यांत अंकुर दाण्याच्या कोपऱ्यात लपलेला असतो. इथे तो दाण्याला कमरपट्ट्यासारखा वेढून बसलेला असतो आणि उष्णतेने मोकळा होतो. उगवण्यासाठी जो धागा गुंडाळून ठेवला होता तो आमच्या पातेल्यात उलगडतो. प्रत्येक शिजलेला दाणा म्हणजे एक न झालेले झाड, हे आपण तांदळाच्या आणि गव्हाच्या बाबतीत विसरू शकतो. हे धान्य ते विसरू देत नाही. तैत्तिरीय उपनिषदाने अन्नाची व्युत्पत्ती सांगताना म्हटले आहे, की जे खाल्ले जाते आणि जे प्राण्यांना खातेही, ते अन्न. त्या वाक्याचा दुसरा अर्धा भाग मला तरुणपणी कळला नव्हता.

आईने त्या पातेल्यात डोकावून पाहिले आणि तिला कण्या आठवल्या. ज्वारी जात्यावर भरडायची, पीठ चाळून काढायचे, उरलेल्या कण्या पाण्यात शिजवून ताकाबरोबर खायच्या. तिच्या माहेरी, चिखलीकडे, सांजच्या वेळी चुलीवर हेच असायचे. भाकरी थापायला वेळ नसला की कण्या, घरात आजारी माणूस असले की कण्या, पीठ पुरेनासे झाले की कण्या. तिच्या बोलण्यातून मला उमगले, की कण्या हा पदार्थ तिच्या लेखी पोषणाचा नव्हता, तो परिस्थितीचा होता. आणि आज पुण्यामुंबईच्या उपाहारगृहांत भांड्यात घालून, वर डाळिंबाचे दाणे शिंपडून जे मोलाने विकले जाते, ते दिसायला तिच्या त्याच परिस्थितीसारखे होते. तिला हसू आले. गरिबी जाताना आपली भांडी मागे ठेवून जाते, आणि श्रीमंती ती घासून पुन्हा वापरायला काढते.

धान्यांनाही मानापमान असतात आणि ते त्यांच्या गुणांवर ठरत नाहीत. इंका लोकांनी किनव्याला धान्यांची माता म्हटले. हंगामाची पहिली पेरणी राजा सोन्याच्या अवजाराने करी, असे सांगतात. सोळाव्या शतकात स्पॅनिश आले, त्यांच्याबरोबर गहू आणि सातू आले, आणि मातेची रवानगी माळावर झाली. जिंकलेल्यांचे अन्न म्हणून ते जिंकणाऱ्यांच्या ताटात बसेना. मग चार शतकांनी अमेरिकेच्या अंतराळ संस्थेने दीर्घ प्रवासावर निघणाऱ्या यात्रिकांसाठी त्याचा विचार केला, संयुक्त राष्ट्रांनी २०१३ हे वर्ष त्याच्या नावे केले, आणि माळावरची माता पाकिटात बसून जगभर फिरू लागली. आपल्याकडे याहून वेगळे काय झाले? ज्वारी, बाजरी, नाचणी, वरई यांना आपल्या पंडितांनी कदन्न म्हटले, म्हणजे हलके, कुत्सित अन्न. आणि २०२३ हे भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष आले तेव्हा त्याच धान्यांचे सरकारी नामकरण 'श्री अन्न' असे झाले. दाणा तोच. मधल्या काळात त्याने स्वतःत काही सुधारणा केली असे ऐकिवात नाही. बदलली ती आपली नजर, आणि ती नजरही बव्हंशी दुसऱ्याच्या डोळ्यांतून परत आलेली.

आरोग्यदायी धान्यांचे आता पेव फुटले आहे, असे आपण सहज म्हणतो आणि पेव म्हणजे काय हे विसरून जातो. जमिनीत खोल खणलेला, आतून कडबा-गवत लावलेला तो ज्वारीचा साठा. सुगीत भरायचा, वरून मातीने लिंपायचा, आणि वाईट वर्ष आले की उघडायचा. उघडल्यावर लगेच कुणी आत उतरत नसे. आधी दिवा सोडत, तो तेवत राहिला तरच माणूस जाई, कारण धान्याच्या कोंडलेल्या श्वासाने जीव गुदमरे. त्या ज्वारीला एक उग्र, जमिनीचा वास असायचा आणि तो भाकरीतही उतरायचा. पेव फुटणे म्हणजे विपुलता, हे खरे; पण ती विपुलता दुष्काळाला भिऊन साठवलेली होती. शब्दांच्याही तळाशी असे कोंडलेले श्वास असतात. दिवा सोडल्यावाचून त्यांत उतरू नये.

दुष्काळाचे नाव निघाले आणि मला लाल रंगाची भाकरी आठवली. १९७२ साली मी दहा वर्षांचा होतो. दुष्काळी कामावर सुकडी मिळायची आणि रेशनच्या दुकानात अमेरिकेतून आलेली मिलो नावाची लाल ज्वारी. तिची भाकरी थापताना चिरायची, तव्यावर करपल्यासारखी दिसायची आणि घशाखाली उतरायला पाण्याचा घोट लागायचा. तिकडे हे गुरांना घालतात, असे मोठी माणसे दबक्या आवाजात म्हणत आणि खात. पन्नास वर्षांच्या अंतराने त्याच गोलार्धातून आणखी एक धान्य आमच्या घरात आले आहे; तेव्हा ते पोट भरण्यासाठी आले होते, आता पोट आटोक्यात ठेवण्यासाठी आले आहे. एकाच आईने दोन्ही शिजलेले चाखले. मिलोबद्दल ती काय म्हणाली होती ते मला आठवत नाही. बहुधा काहीच म्हणाली नसेल. भुकेपाशी चवीबद्दल मत नसते. मत ही तृप्तीची सोय आहे.

आणि तरीही परकेपणाचा हिशेब मांडू गेलो, की माझेच पाय डळमळतात. येत्या एकादशीला आईच्या फराळाचे ताट मी मनाशी वाढून पाहिले. साबुदाण्याची खिचडी, तिच्यात शेंगदाण्याचे कूट, हिरवी मिरची, बटाट्याच्या फोडी. बाजूला रताळ्याचा कीस आणि राजगिऱ्याचा लाडू. साबुदाणा ज्या कंदाचा होतो तो दक्षिण अमेरिकेतला, भुईमूग तिथलाच, मिरची आणि रताळे त्याच खंडांतले, आणि बटाटा तर किनव्याच्या शेजारच्या वाफ्यातला, अँडीजचा. राजगिऱ्याच्या दाण्याची मुळे मेक्सिकोकडे जातात. तिथले अॅझ्टेक लोक त्याच्या पिठाच्या देवमूर्ती करून त्या प्रसादासारख्या खात, आणि आजही तिथे फुलवलेला राजगिरा मधात वळून वड्या विकतात. आपल्या लाडवाची ती सात समुद्रांपलीकडची बहीण. त्या ताटात अस्सल इथले म्हणावे असे वरईच्या भगरीपलीकडे थोडेच उरते. म्हणजे ज्या दिवशी आपण सर्वांत अधिक सोवळे असतो, त्याच दिवशी आपले ताट सर्वांत अधिक परदेशी असते. आणि ज्या ज्वारीला मी इतका वेळ आपली, मातीतली म्हणत आलो, तीही हजारो वर्षांपूर्वी आफ्रिकेच्या सुदान प्रदेशाकडून निघालेली प्रवासी. मग मूळचे म्हणजे तरी काय? जे आले केव्हा हे सांगणारे कुणी उरले नाही, ते मूळचे.

शेगाव इथून फार दूर नाही. गजानन महाराज २३ फेब्रुवारी १८७८ रोजी तिथे प्रथम दिसले तेव्हा ते एका घराबाहेर टाकलेल्या उष्ट्या पत्रावळींवरची शिते वेचून खात होते, अशी कथा आहे. प्रकट दिनाला आमच्याकडे आजही घरोघरी झुणका, भाकरी, अंबाडीची भाजी, मिरची आणि कांदा असा नैवेद्य असतो. लहानपणापासून मी तो साधेपणाचा नैवेद्य समजत होतो. किनव्याबद्दल वाचताना त्याची दुसरी बाजू कळली. या दाण्याची थोरवी अशी सांगतात, की त्यात शंभर ग्रॅमला तेरा-चौदा ग्रॅम प्रथिने असतात, आणि शरीराला बाहेरूनच घ्यावी लागतात ती सर्व अमिनो आम्ले त्यात पुरेशी आहेत. ज्वारीत प्रथिने दहाच्या आसपास आणि लायसिन नावाचे एक आम्ल तोकडे. पण हरभऱ्यात ते भरपूर. आणि हरभऱ्याला जे कमी पडते ते ज्वारीत असते. म्हणजे झुणका आणि भाकरी एकमेकांचे उणे भरून काढतात. वरणभाताचे तेच, खिचडीचे तेच. कुणा अनाम सुगरणीने ही जोडी जुळवली तेव्हा तिच्यापाशी प्रयोगशाळा नव्हती, पण जेवल्यावर मुलाच्या चेहऱ्यावर जे दिसते ते पाहण्याइतका वेळ होता. आपल्या जेवणाची पूर्णता अशी दोघांत वाटलेली आहे. आजच्या काळाला मात्र एकट्याने परिपूर्ण असणाऱ्या गोष्टींची ओढ आहे. एकाच दाण्यात सगळे हवे, एकाच भांड्यात जेवण हवे, आणि ते भांडे बहुधा एकाच माणसासाठी असते. हा दोष बिचाऱ्या दाण्याचा नाही. तोही आपल्या गावी बटाट्यांबरोबर, रश्शात, माणसांच्या घोळक्यात खाल्ला जात होता; एकटा तो पाकिटात पडला.

आयुर्वेदाने आहाराचा विचार करताना एक फार सुंदर शब्द घडवला आहे : सात्म्य. जे सेवनाने आपल्या देहाशी एकरूप झाले, आत्म्यासह नांदू लागले, ते सात्म्य. त्यातही ओकसात्म्य म्हणून एक प्रकार सांगितला आहे. जे मुळात अनुकूल असेलच असे नाही, पण सततच्या सवयीने मानवू लागले, ते ओकसात्म्य. पथ्य हा शब्द आपण आजारपणाला बांधून टाकला. त्याचा मूळ अर्थ, जे वाटेवरून ढळू देत नाही ते. पथ्य वाट दाखवते, सात्म्य घर देते. आणि चरकाने बजावले आहे, की अहिताची सवय सोडणे आणि हिताची लावणे हे एकदम करू नये, चतुर्थांशाच्या पायऱ्यांनी करावे. मला हे वाचून आनंद झाला तो विद्वत्तेचा नव्हता. त्याच आठवड्यात आईने, चरकाचे नावही न घेता, माझे पाकीट आपल्या ताब्यात घेऊन तीन मुठी ज्वारीच्या कण्यांत एक मूठ धुतलेला किनवा टाकला होता, वरून जिरे आणि ठेचलेल्या लसणाची फोडणी दिली होती, आणि पुरे होईल इतकेच वाढून घेऊन ताकाबरोबर खाल्ले होते. चमचा ताटलीच्या कडेला टेकला नाही. तिची साखर या धान्याने उतरेल असे मी म्हणणार नाही. औषध, मोजके खाणे आणि सकाळचे चार फेरे यांचे श्रेय एका दाण्याला देणे अन्यायाचे होईल. पण नव्याला जुन्यात एक चतुर्थांश जागा द्यावी, ही रीत पातेल्यातून पोथीत गेली असेल, पोथीतून पातेल्यात नव्हे, असे मला त्या जेवणाने शिकवले.

मात्र देहाचे सात्म्य ही अर्धीच गोष्ट. अन्न भूमीलाही सात्म्य व्हावे लागते. आज खरिपात घाटावरून नजर टाकली तर जिकडे तिकडे सोयाबीन दिसते. तेही बाहेरून आलेले. पण ते आमच्या वावरात आले आणि स्वयंपाकघरात आले नाही. जे पिकवतो ते आम्ही शिजवत नाही, ते बाजार समितीत जाते आणि तेलाच्या डब्यातून ओळख न देता परत येते. किनव्याचे नेमके उलटे : तो स्वयंपाकघरात आला आहे आणि वावरात आलेला नाही. एक पीक शेतात परके नाही पण घरात परके, दुसरे घरात रुळू पाहणारे पण मातीला अनोळखी. या दोहोंच्या मध्ये ज्वारी उभी आहे, जी एकेकाळी दोन्हीकडे होती, माणसाला दाणा आणि गुराला कडबा देत, आणि आता दोन्हीकडून हळूहळू मागे सरते आहे.

जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला अक्षय तृतीयेच्या संध्याकाळी घटमांडणी होते. शेतात एक वर्तुळ आखतात, मधोमध खड्डा करून त्यात मातीची ढेकळे आणि वर पाण्याची घागर ठेवतात, आणि भोवती अठरा प्रकारची धान्ये मांडतात : ज्वारी, तूर, मूग, उडीद, गहू, तीळ, जवस, सरकी, अंबाडी, आणि आता ताटात क्वचितच दिसणारी भादलीसुद्धा. रात्रभर ते वर्तुळ उघड्या आभाळाखाली एकटे असते. पहाटे कोणता दाणा जागचा हलला, कोणता तसाच राहिला यावरून पिकापाण्याचे भाकीत सांगतात. भाकितावर विश्वास ठेवायला माझे मन धजत नाही, आणि ठेवूही नये. पण त्या वर्तुळापाशी उभे राहिल्यावर मला दुसरेच काही दिसते. त्यातल्या प्रत्येक धान्याबद्दल कुणीतरी कधीतरी चिंतेने विचारले आहे : यंदा हे येईल ना? भादली आता कुणी फारशी खात नाही, तरी ती वर्तुळात आहे, कारण तिच्यासाठी केलेली चिंता अजून पुसलेली नाही. माझ्या पाकिटातल्या दाण्याबद्दल मला तसा प्रश्न कधी पडला नव्हता. तो संपला तर पुन्हा मागवता येतो. जे मागवता येते त्याची आपण किंमत करतो. काळजी वाटते ती उगवावे लागते त्याची.

म्हणून असेल, किंवा निव्वळ रिकामपणामुळे असेल, मी चिमूटभर दाणे तुळशीशेजारच्या कुंडीत टाकले. चार-पाच दिवसांत पोपटी मोड दिसले. तीन आठवड्यांनी पाने नीट आकाराला आली, बदकाच्या पावलासारखी, कडेला बोथट दाते असलेली, आणि कोवळ्या शेंड्यावर पीठ भुरभुरल्यासारखी पांढुरकी लव. आई तुळशीला पाणी घालायला आली आणि थबकली. तिने एक पान खुडले, अंगठ्याने त्यावरचे पीठ पुसले, मागून पुढून पाहिले आणि म्हणाली, "हे तं चाकवत हाये!" तिचे चुकले नव्हते. गव्हात, हरभऱ्यात आपोआप उगवणारे, निंदताना उपटून ओट्यात घेतले जाणारे आपले चाकवत आणि इंकांची ती धान्यमाता ही एकाच गोतातली भावंडे आहेत. वनस्पतिशास्त्राने दोघांना एकच आडनाव दिले आहे, आणि त्या ग्रीक आडनावाचा अर्थही हंसाचे पाऊल असाच आहे. जे शोधायला मला पुस्तके लागली ते तिला एका पानाने सांगितले. मी बियाकडून निघालो होतो, बी परके होते; ती पानाकडून आली आणि वाटेत ओळख निघाली.

त्या संध्याकाळी तिने कुंडीतली थोडी आणि बाजारातून आणलेली पुष्कळ पाने एकत्र करून ताकातले चाकवत केले, हरभऱ्याची डाळ आणि शेंगदाणे घालून. कोणते पान इथले आणि कोणते तिथले ते वाटीत कळत नव्हते. दाणा आमच्याकडे चौथ्या हिश्शाने आला आहे, तसाच तो काही काळ राहील. कदाचित तेवढाच राहील, कदाचित भाचीचा उत्साह ओसरला की जाईलही. ज्वारीने कितीक शतके घेतली, बटाट्याने दोनतीन घेतली; दोन महिन्यांच्या पाहुण्याला मी काय विचारावे?

गेल्या आठवड्यात थंडी अचानक वाढली. पहाटे अंथरुणातून उठवत नव्हते. पलीकडच्या खोलीतून आईचा आवाज आला. ऐकू कमी येणारी माणसे बोलतात तसा, थोडा मोठा : "अरे, तुह्या किनवटावर रात्री काही झाकलं होतं का? पाला जळंल ना त्याचा."